जरा भरू द्या त्याले

इकडं या, जवळ बसा. दारातूनच हाक मारून पळता, अन् मग म्हणता आम्हाला कोणी काही सांगत नाही. देऊळघाटचे रेडिओवाले भाईजान तुम्हीही पाहिलेत, पण दुकानासमोरून नुसते गेलात.

कोणी आत आलं की ते आधी दुकानातल्या संगणकाचा कळफलक पुढं सारायचे. "काकू, बोटं चालवा. काहीही दाबा. जरा भरू द्या त्याले."

मी आपली डावीकडून एकेक कळ दाबत गेले, ओळ संपली की खालची धरली. भाईजान हसले. "कपाशी टोबून राह्यल्या का काकू? वळीनं नका जाऊ. त्याले अंदाज लागला नाही पायजे."

यंत्राला आपल्या मनानं चिठ्ठी उचलता येत नाही, असं ते सांगायचे. त्याच्या मुळाशी एक कारभारी असतो, त्याला ते कर्नल म्हणायचे. कुणाचं बोट कधी पडलं, कुठं अडखळलं, हे तो साठवतो आणि त्यातून बेभरवशाचे आकडे काढतो. नीट बंद केलं तर थोडं उद्यासाठीही ठेवतो.

तालुक्याच्या एका कचेरीत बोंडअळीच्या सापळ्यांची सोडत अशाच यंत्रावर निघायची. सापळे थोडे, आम्ही फार. ते यंत्र भाईजानच सांभाळायचे, बटणही तेच दाबायचे. दोन हंगाम माझं नाव निघालं नाही. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. वर्षाच्या अंतरानं लागलेल्या याद्या कोण ताडून बघतं? भाईजाननी बघितल्या. तीच नावं, त्याच क्रमानं.

"गलती माही हाये, काकू. लाईन गेली की मागचं सारं पुसते. साहेब म्हणे लगेच दाबा, अन् म्या दाबलं. उपाशी यंत्र दरसाल तेच आकडे देते. तुमचा नंबर त्यात कधीच नव्हता."

तिसऱ्या हंगामात ते अडून बसले. "अर्धा घंटा द्या साहेब. जरा भरू द्या त्याले."

"भाईजान, लोक उन्हात उभे आहेत."

"मंग त्यायलेच बोलवा न आत. बोटं त्यायचीच पायजे."

साहेबांनी बटण दुसऱ्याकडून दाबून घेतलं. पहिलं नाव पुन्हा तेच ऐकलं आणि मी पिशवी उचलली.

पुढं भाईजान अर्ज करत राहिले. उत्तर आलं नाही. गेल्या हिवाळ्यात खोकल्यानं गेले. सोडत अजून तशीच निघते, आणि मी अजून कपाशीच लावते.

त्यांचा कळफलक माझ्या फळीवर आहे. अक्षरं पुसलीत, तार कशालाच जोडलेली नाही. आलेल्या माणसापुढं मी तो सारते. तुम्हीही लवकर या पुन्हा, घडीभर बोटं फिरवून जा.