शांत बसा

गौतमीबाई शिरूरहून स्कुटीवर येतात. आमची वस्तीशाळा वडगाव रासाईच्या अलीकडं, तिन्ही बाजूंनी ऊस, आन् शिक्षक दोनच, त्या आन् मी. मी तापट माणूस, आवाज चढवल्याशिवाय मला शिकवल्यासारखंच वाटत नाही. बाईंचा आवाज मात्र शेवटच्या ओळीपर्यंत कसाबसा पोचायचा. "लहानपणी घरात फार आरडाओरडा ऐकलाय, म्हणून मला ओरडवत नाही," असं एकदा त्यांनीच सांगितलं.

बिबट्यानं वस्तीवरचं वासरू नेलं तवापासून पोरं पार भेदरली होती. पत्र्यावर चिंच पडली तरी किंचाळायची, एकमेकांना बोचकारायची. बाईंनी त्यांना शिकवलं, "भ्या वाटलं, राग आला, की शांत बसायचं. डोळे मिटायचे, पोटावर हात ठेवून श्वास घ्यायचा. मन निवलं की मगच डोळे उघडायचे."

मी म्हणायचो, बाई, ही काय थेरं लावलीत? पण खोटं कशाला बोलू, फरक पडला. चौथीतला संघर्ष मारामारी सोडून आपणहून कोपऱ्यात जाऊन बसायला लागला. तिसरीतली अपेक्षा तर सगळ्यांत पटाईत. जराशी दचकली की असेल तिथं मांडी घालायची.

एक दिवस शाळा सुटल्यावर वनखात्याचा माणूस आला. ओढ्याकाठी ताजे ठसे दिसलेत म्हणाला. "पोरांना बजावा, बिबट्या दिसला तर खाली बसायचं न्हाई, वाकायचं न्हाई. बसलेलं माणूस त्याला शेळीएवढं दिसतं. उभं राहून मोठ्यांदा ओरडायचं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "सर, मी तर बसायला शिकवलंय," एवढंच बोलल्या आन् अपेक्षाच्या वाटेनं पळत सुटल्या. उसापलीकडं घर त्या एकट्या पोरीचंच. मी आन् तो माणूस मागं धावलो.

वाट वळते तिथं अपेक्षा मांडी घालून बसलेली. डोळे मिटलेले, पोटावर हात. शेजारचा ऊस हलत होता, आन् वारा तर अजिबात नव्हता. "ऊठ, अपेक्षा," बाई म्हणाल्या, पण नेहमीच्याच हळू आवाजात. पोरगी उठेना. तिचं मन अजून निवलं नव्हतं ना! मग बाईंच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मी जागीच थबकलो. ओरडत ओरडतच त्यांनी जाऊन पोरीला खांद्यावर घेतलं. ऊस मोडत काहीतरी लांब गेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गाला सांगितलं, "मी शिकवलं ते वर्गात ठीक, उसात न्हाई. उसात उभं राहायचं." सगळ्यांना ओरडायला लावलं. पोरांनी शाळा डोक्यावर घेतली. अपेक्षा उभी राहिली, पण तिच्या तोंडून आवाज फुटेना. रडायलाच लागली.

"येईल तवा येईल. तोवर मी ओरडते," बाई म्हणाल्या.

तवापासून शाळा सुटली की बाई तिचा हात धरून त्या वाटेनं ओरडत जातात. लोक हसतात. हसू दे. बाई मला म्हणतात, "सर, रोज वाटतं, आज तो समोर येणार." घरचं माणूस न्यायला येईस्तोवर मी बाकीच्या पोरांना घेऊन फाटकाशी थांबतो. बाईंचा आवाज जरा थांबला तरी पोरांना गप्प करून उसाकडं कान देतो.

काल फाटकावरून शेवटचं पोर गेलं आन् उसातून दुसराच आवाज आला, बारीक, चिरका. मी चपला टाकून धावत सुटलो. वळणावर पोचलो तवा कळलं, अपेक्षा ओरडत होती, आन् बाई तिला म्हणत होत्या, "अजून मोठ्यांदा."