मिऱ्याचं माहेर

पाणी असो, भाकर असो, की कोर्टाच्या मधल्या सुट्टीत कुणी पुढे केलेली पेरूची फोड असो, आमचे बॅरिस्टरसाहेब ती आधी नाकापाशी नेत, डोळे मिटत आणि देणाऱ्याला म्हणत, "नाव नका सांगू. गाव सांगा."

देणारा गोंधळून जाई. पेरूला गाव असतं हे त्याच्या कधी डोक्यातच आलेलं नसे. मग साहेब स्वतःच अंदाज करत, देऊळघाटचा म्हणत, नाहीतर मेहकरच्या वाटेवरचा, आणि निम्म्या वेळा साफ चुकत. चुकले की त्यांना फार आनंद होई. चुकल्यावर इतका खूश होणारा वकील मी दुसरा पाहिला नाही, आणि माझंही सारं आयुष्य वकिलांतच गेलं आहे.

मी बुलढाण्याला त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी कायद्याची जाडजूड पुस्तकं पुढ्यात येतील. आले ते पाण्याचे तीन पेले. एकात लोणारच्या धारेचं पाणी, एकात देऊळघाटच्या विहिरीचं, एकात घरच्या आडाचं. पक्षकारांना ते येताना आपापल्या गावचं पाणी आणायला सांगत. लोक बिचारे ही खटला जिंकायची काहीतरी तोड असावी असं समजून बैलगाडीतून तांब्या सांभाळत आणत. मी तिन्ही पेले प्यालो आणि तिन्हींत पाणीच आहे असं सांगून मोकळा झालो. साहेब म्हणाले, "बराबर हाये. आता अजून एकदा प्या, सावकाश." महिन्याभरात मला लोणारचं पाणी ओळखू येऊ लागलं. त्याचा वकिलीत उपयोग काय, हे विचारायचा धीर मात्र झाला नाही.

साहेब मूळचे मेहकरकडचे, घरची शेती मोठी. विलायतेला जाऊन बॅरिस्टर होऊन आले, पण बोलणं होतं तसंच राहिलं. जज्जासमोर फर्डं इंग्रजी बोलायचे आणि ओसरीवर आले की गाडीवानाला विचारायचे, "काऊन बे, जुपली का गाडी?" पुण्याकडून आलेले एक वकील या बोलण्याला गावंढळ म्हणत. अर्थात साहेब लांब गेल्यावर.

विलायतेहून त्यांनी सनदेबरोबर एका द्राक्षाचं वेड आणलं होतं. काळं, बारीक मण्यांचं, सिरा नावाचं द्राक्ष. फ्रान्सात एका नदीकाठच्या खडकाळ टेकडीवर ते होतं आणि त्याची लाल वाइन करतात. तोच वेल कुणीतरी जहाजातून ऑस्ट्रेलियात नेला, तिकडे त्याला शिराझ म्हणू लागले. लंडनला साहेबांच्या शेजारच्या खोलीत ऑस्ट्रेलियाचा एक विद्यार्थी राहत होता आणि त्याच्या घरी या द्राक्षाचे मळे होते. दोन्हीकडच्या बाटल्या शेजारी शेजारी मांडून हे दोघे वाद घालत बसायचे, असं ते सांगत. परत आल्यावर त्यांनी दोन्हीकडच्या दोन-दोन बाटल्या मुंबईहून मागवल्या. पण वाद घालायला बुलढाण्यात होतं कोण? होतो मी, न पिणारा.

साहेबांनी मला प्यायचा आग्रह कधीच केला नाही. "वास घ्या," म्हणायचे, "वासानं कोनाचं सोवळं मोडत नाही." एका रविवारी त्यांनी बाहेरच्या बैठकीत दोन पेले भरून माझ्यापुढे ठेवले. पहिल्यात मला धूर लागला, कपाशीची वाळली पऱ्हाटी जाळल्यावर येतो तसा, आणि पाणी मारलेल्या दगडाचा वास. दुसऱ्यात पार पिकून गेलेली जांभळं आणि गूळ. दोन्ही एकाच द्राक्षाच्या असतील यावर माझा विश्वास बसेना. साहेबांनी पुन्हा वास घ्यायला लावला, आणखी सावकाश. मग मागून कुठून तरी एक वास आला, दोन्हींतून सारखाच. काळ्या मिऱ्यांचा.

साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "हेच तं माहेर हाये तिचं. एकाच घरच्या पोरी दोन गावी देल्या. एक त्या टेकडीची भाषा बोलते, दुसरी त्या गरम मुलखाची. पन मिरं दोघी इसरल्या नाहीत."

दाराआड काकू उभ्या होत्या. साहेबांच्या पत्नी, माहेर देऊळघाटचं. बाटल्यांना आणि पेल्यांना त्यांनी स्वयंपाकघराची बंदी केली होती आणि दोन्हींना मिळून 'तुमचे ते बाटलीदेव' म्हणत. तिथूनच त्यांनी विचारलं, "आन् त्या पोरीयले कोनी इचारलं का, गाव पसंत हाये का म्हून?" साहेब पुन्हा खुर्चीत बसले. भर कोर्टात त्यांना असं कुणी खाली बसवल्याचं मला आठवत नाही.

पुढे त्या ऑस्ट्रेलियाच्या मित्रानं ओल्या शेवाळात गुंडाळून पत्र्याच्या डब्यातून वेलाच्या काड्या पाठवल्या. साहेबांनी त्या काळ्या जमिनीत न लावता देऊळघाटच्या अंगाला, घाटाच्या उतारावरच्या मुरमात लावल्या. तिथे तोवर नुसत्या शेळ्या चरत. लोक हसले. कुणी विचारलं, मनुका करणार का, कुणी म्हणालं, साहेबांनी विलायती कारली लावली. बऱ्याच काड्या वाळून गेल्या, थोड्या जगल्या. साहेबांच्या मनात एकच होतं. ही तिसरी पोरगी आपल्या मुरमात दिली आहे, तिला मिरं आठवतं का ते पाहायचं. दोन्हीकडची उरलेली एकेक बाटली त्यांनी त्या दिवसासाठी राखून ठेवली. डेप्युटी कमिशनरकडून प्रयोगापुरती दारू गाळायची परवानगीही काढली. तो गोरा साहेब म्हणे परवानगीवर सही करताना हसला होता.

तोवर युरोपात युद्ध सुरू झालं. वेल धरायला वेळ लागला आणि पुरेशी द्राक्षं आली ती एका होळीच्या सुमाराला. साहेबांनी ती लाकडी काथवटीत स्वतःच्या हातांनी चुरली. मोठी भांडी युद्धामुळे मिळेनात, तेव्हा ते काकूंकडे लोणच्याच्या बरण्या मागायला गेले. काकूंनी दिवसभर अबोला धरला आणि संध्याकाळी आपली माहेराहून आलेली मोठी चिनी मातीची बरणी राखेनं घासून, उन्हात वाळवून बैठकीच्या दाराशी आणून ठेवली. रस फसफसू लागला तेव्हा घरभर आंबूस वास सुटला. काकू धूप जाळत राहिल्या, पण बरणीला हात लावला नाही. फेस निवल्यावर साहेबांनी तिचं तोंड बांधलं आणि धान्य साठवायच्या बळदाच्या अंधारात नेऊन ठेवली. तिथे ती उन्हाळ्यातसुद्धा गार राही.

त्याच वर्षी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून कळायचे नाहीत. कोर्टं ओस पडली. माझा थोरला भाऊ मेहकरला वारला, मला त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही. साहेबही बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते. उठले तेव्हा अर्धे झाले होते, पण उठले.

हिवाळ्यात कोर्ट पुन्हा सुरू झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो तर हुरड्याची कणसं आली होती. मी चार दाणे चोळून त्यांच्या हातावर ठेवले आणि गमतीनं म्हणालो, साहेब, गाव सांगा. त्यांनी दाणे तोंडात टाकले, चावले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी निघालो तेव्हा काकू अंगणापर्यंत आल्या.

"त्यायले कायचाच वास येत नाही आता," त्या हळूच म्हणाल्या. "चवबी नाही. परवा माह्या हातून वरन करपलं, सारं घर धुरानं भरलं. त्यायनं गुमान खाल्लं आन् चांगलं झालं म्हने."

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. भावासाठी रडून झालं होतं, तरी घरी जाऊन पुन्हा रडलो. माणूस जिवंत आहे, चालतो बोलतो आहे, आणि त्याचं सारं जग तेवढं नाकातून निघून गेलं आहे.

पुढच्याच रविवारी साहेबांचं बोलावणं आलं. बैठकीत राखून ठेवलेल्या दोन्ही बाटल्या उघडलेल्या होत्या आणि शेजारी ती बरणी. काकूही आत येऊन बसल्या होत्या, त्या बैठकीत पेले असताना पहिल्यांदाच. साहेब म्हणाले, दोस्तांसोबत उघडू म्हणून थांबलो होतो, आता कोणाचा काय भरवसा. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "वकील, आज नाकानं भागनार नाही. मले काई उमजत नाही. माह्या जागी तुमी चाखा."

मी चाखलं. न पिण्याचा नेम मोडल्याचं वाईट वाटलं नाही. फ्रान्सची, मग ऑस्ट्रेलियाची. धूर होता, जांभूळ होतं, मिरं होतं, सगळं मागल्यासारखंच, फक्त जिभेवर जास्त आंबट आणि तुरट. मग त्यांनी बरणीतली ओतली. रंग उतरलेला, वर तेलाचे बारीक डोळे तरंगत होते. मी घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

"काऊन हो? खरं सांगा."

मी खरं ते सांगितलं. "हिंग लागतोय, साहेब. आणि करडईचं तेल."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान खाली घातली. मग त्यांच्या तोंडून कळलं ते असं. साहेब तापात असताना त्या रोज बळदात जाऊन बरणी पाहत. एक दिवस आतला रस खाली गेलेला आणि वर पांढरी बुरशी धरू लागलेली दिसली. विचारावं कुणाला? साहेब शुद्धीवर नव्हते. त्यांनी बुरशी काढून टाकली, करडईचं तेल तापवून थंड केलं आणि लोणच्यावर ओततात तसं वर ओतलं. हिंग मात्र बरणीचाच होता. माहेरच्या लोणच्याचा, तो काही कितीही घासला तरी जात नाही. त्या वेळी त्यांना एवढंच वाटत होतं की माणूस उठेपर्यंत त्याची ही एक वस्तू तरी नासू नये.

साहेबांनी खुर्ची माझ्यासमोर ओढली. मग माझी उलटतपासणी सुरू झाली. तेलाच्या मागे काय आहे? जांभूळ, थोडं. त्याच्या मागे? मी दुसरा घोट घेतला, सावकाश. जिभेच्या पार शेवटी काहीतरी चुरचुरलं. मी म्हणालो, मिरं आहे. "मिरं, का लोनच्याचा मसाला?" ते म्हणाले. मी म्हणालो, मिरंच वाटतं. "वाटते हा पुरावा नाही, वकील."

तेव्हा काकू बोलल्या. "माह्या लोनच्यात मिरं नसते. माह्या मायच्याबी नव्हतं."

साहेबांनी तो पेला हातात घेतला. सवयीनं नाकापाशी नेला, डोळे मिटले, आणि काही न लागल्यानं पुन्हा उघडले. पण चेहरा हसरा होता. "म्हन्जे हिंग तुह्या माहेरचा," ते काकूंना म्हणाले, "आन् मिरं तिच्या माहेरचं." आणि मग त्यांनी तो पेला पूर्ण प्यायला, त्यातलं काहीही न कळता. काकूंनी पदरानं डोळे टिपले.

नाक त्यांचं पुढे परत आलं नाही. वस्तू हातात घेऊन नाकाशी नेण्याची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली. फक्त मग ते ती काकूंकडे द्यायचे, "तू गाव सांग," म्हणायचे, आणि काकू सांगायच्या. बहुधा चुकीचं. साहेब तेवढेच खूश व्हायचे.

ते गेल्यावर उतारावरचे वेल कुणी पाहिले नाहीत, आता तिथे पुन्हा शेळ्या चरतात. मध्यंतरी मी काकूंना भेटायला गेलो होतो. त्यांनी जेवायला बसवलं आणि त्याच बरणीतलं लोणचं ताटात वाढलं. मी फोड नाकापाशी नेली, कधी डोळे मिटले ते मलाही कळलं नाही. उघडले तर काकू समोर पळी हातात धरून उभ्याच होत्या.

"देऊळघाट," मी म्हणालो.

"आन् मिरं?" काकूंनी विचारलं.

मी दुसरी फोड उचलली आणि सावकाश चावू लागलो.