डेल्फाने विकलेली हाळी

अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरात घरोघरची डुकरं रानात मोकळी चरायची आणि त्यांना घरी बोलवायची प्रत्येक बाईची हाळी वेगळी असायची. डुकरं ओळखायची ती फक्त आपल्या मालकिणीचा आवाज आणि त्यामागून पडणारा मका.

ऑर्लिना कॉडिलची हाळी खोरंभर माहीत होती. पोटातून काढलेला खालचा सूर, दोन झटके, आणि मग फाटून वर चढणारी लांब तान. ती पलीकडच्या डोंगरावर पोचायची. हाळी दिल्यावर ऑर्लिना कुंपणाला धरून दम घ्यायची, इतकी ताकद तिला लागे.

तिची मुलगी डेल्फा शहरात गेली ती गायला. बुडालेल्या नावाड्यांची आणि न परतलेल्या नवऱ्यांची जुनी लांबलचक गाणी तिला आईकडूनच मिळाली होती. रेडिओवर शनिवारी संध्याकाळी गावाकडच्या गाण्यांचा कार्यक्रम व्हायचा, तोही समोर बाकांवर प्रेक्षक बसवून. तो चालवणारे प्रेंटिससाहेब दोन कडवी ऐकून म्हणाले, "पोरी, आवाज चांगलाय. पण लोक नुकते जेवून बसलेले असतात, त्यांना कशाला रडवतेस? हसव."

डेल्फाने पडका दिसावा म्हणून पुढचा दात काळा केला, फुलाफुलांचा ढगळ झगा आणि बापाचे बूट घातले. तरी लोक थंडच. मग एका शनिवारी ती ऐन गाण्यात कडवं विसरली आणि घाबरून तोंडातून आईची हाळी निघाली. लोक हसून हसून बाकांवर आडवे झाले. प्रेंटिससाहेब पडद्याआडून हात हलवत होते, "आणखी! आणखी!"

त्यानंतर प्रत्येक गाण्यात हाळी आली. गाणं आखूड होत गेलं, हाळी लांबत गेली. ज्या घरात ती भाड्याने राहायची, तिथल्या कोळशाच्या तळघरात दार लावून ती रोज सराव करी, घसा सोलून निघेपर्यंत. तंबूतले खेळ सुरू झाले, गावोगावी भिंतींवर तिची चित्रं लागली. मेहनतीत तिची खोट काढता येणार नाही.

डुकरं कापायच्या दिवसांत ती दरवर्षीसारखी घरी आली. बस हॉबर्टकाकाच्या दुकानाशी थांबली. ओट्यावर बसलेल्या पोरांनी तिला पाहून तिचीच हाळी ठोकली.

"दात उगवला वाटतं, डेल्फे!" हॉबर्टकाका हसला. "तुझ्या आईला सांग, शनिवारी रेडिओ लावतो म्हणून दुकानावर रुसायचं कारण नाही."

घरी आई घेवडा सोलत होती. डुकरांचं कुंपण रिकामं होतं.

"आई, डुकरं कुठायत?"

"रानात."

"एवढी थंडी पडली तरी?"

"मग तू बोलाव की. तुझीच हाळी आहे आता."

डेल्फा कुंपणाशी गेली. पाय रोवले, छाती भरून घेतली आणि हाळी दिली. चोख दिली. ओढ्यापलीकडून कुणी तरी तशीच हाळी दिली. वरच्या वस्तीवरून आणखी एकाने. मग हशा. झाडीच्या कडेला ठिपक्यांची डुकरीण दिसली. तिने कान उभे केले, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पाठ फिरवून रानात निघून गेली.

"उन्हाळाभर हेच," आई म्हणाली. "पोरं दिवसभर ओरडायची. बिचारी डुकरं धापा टाकत यायची, दाणा नाही. शेवटी यायचीच थांबली. आणि मी हाळी दिली की खोरं हसतं. चर्चमध्ये पाद्र्याची बायको मला म्हणते, ऑर्लिना, तुम्ही डेल्फाची नक्कल काय छान करता हो!"

डेल्फा खाली बसली. "मी सोडते ते. प्रेंटिससाहेबांना सांगते."

"सांग नाही तर नको सांगू. बाहेर गेलेलं आत येत नाही. मला हिवाळ्याचं मांस पाहिजे. पोतं उचल."

दोघी मक्याची पोती खांद्यावर घेऊन चढ चढल्या. डेल्फाचे शहरी बूट निसरड्या पानांवर सटकत होते. आई थांबली नाही. पार आत, जिथून खोऱ्यात काही ऐकू जाणार नाही अशा मोकळ्या जागेत तिने कणसं पसरली.

"आता यांना नवी हाळी शिकवायची."

डेल्फाचा चेहरा उजळला. "मी सूर लावून देऊ?"

"नको. तू खाली जा."

"किती खाली?"

"ओढ्याच्या आवाजात बाकी काही ऐकू येईनासं होईल, तिथवर."

डेल्फा हसली. आई हसली नाही.

"आई, मी कुणाला नाही म्हणून दाखवणार. शप्पथ."

"आज नाही. पण एखाद्या शनिवारी लोक हसलेच नाहीत, तर?"

तशी शनिवारची संध्याकाळ डेल्फाने पाहिली होती. तेव्हा तोंडातून काय निघतं, हे तिला ठाऊक होतं. ती पोतं ठेवून खाली गेली.

असं रोज चाललं. दोघींनी पोती वर न्यायची, मग डेल्फाने एकटीने उतरून ओढ्याकाठच्या दगडावर बसायचं. रानात डुकरांच्या पावलांच्या खुणा वाढताहेत, एवढंच आई सांगायची.

एका सकाळी डेल्फाला उतारावर हालचाल दिसली. ठिपक्यांची डुकरीण मान वर करून थबकली, मग पिलांना मागे घेऊन सरळ चढावर धावत सुटली. मागून दुसरी, तिसरी.

पाणी खळाळत होतं. वारा मात्र फिरून आता वरून, आईच्या बाजूने, खाली येऊ लागला होता. डेल्फाने दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून धरले.