रिंगखाली उभी राहणारी

आमच्या लातूरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात ती सगळ्यात उंच होती. रस्त्यानं खांदे पाडून चालायची, पण रिंगखाली पाठ करून उभी राहिली की कुणाला हलायची नाही. आम्ही बॉल तिच्याकडं आत द्यायचो. दोघी-तिघी तिला घेरायच्या आणि ती बाहेर मोकळ्या मुलीला बॉल द्यायची. स्वतः वळून बास्केट क्वचितच मारायची. "समोरचीला धक्का लागतो गं," म्हणायची.

नांदेडच्या मॅचला तिचे वडील जवळच्याच त्यांच्या गावाहून, लोह्याहून आले. खेळ पटला नाही तर ते तिला कॉलेज सोडवून तिथूनच घरी नेणार होते. ती सारखी त्यांच्याकडं बघत होती.

शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं मागं होतो. मी बॉल आत दिला. या वेळी तिला अडवायला एकटीच होती. ती खांदा घालून वळली, समोरची पडली, बॉल रिंगमधून गेला. पंचांनी बास्केट ग्राह्य धरली आणि आम्ही एका गुणानं जिंकलो.

वडील मैदानात उतरले ते थेट पडलेल्या मुलीपाशी. "लागलं का माय?"

ती मुलगी हसून उठली. मग ते लेकीकडं वळले. "लातूरची गाडी कवा हाय तुमची?"

"आता निघंल."

"मग जा. तुझ्या आईला मी सांगतो."