थंडी काय फक्त जर्मनांनाच वाजत होती?

शेजारच्या काकांवर मी त्या महिन्यात नुसती जळत होते. दुसरा शब्दच नाही त्याला. काका रिटायर्ड हार्ट सर्जन, आमच्या कितीतरी आधी इकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये येऊन स्थिरावलेले, स्वभावाने अगदी गोड. बेसमेंटमध्ये त्यांनी रणगाड्यांची मॉडेल्स मांडून ठेवली आहेत. आणि आमच्या आठवीतल्या लेकीला शाळेत प्रोजेक्ट मिळालं, दुसऱ्या महायुद्धात जर्मनी रशियात का हरला. झालं! घरी येऊन बॅग टाकली की बाईसाहेब काकांकडे.

आता, मी नागपूरला इतिहासात एमए केलंय. कॉलेजात शिकवलंय. हेच युद्ध, हाच प्रश्न, खडूने फळा भरभरून. मग नवऱ्याच्या व्हिसावर इकडे आले आणि डिग्री गेली सुटकेसच्या तळाशी. मी लेकीला म्हटलंही, "अगं, मला विचार ना." तर म्हणते, "आई, युअर हिस्ट्री इज इन मराठी." उद्धटपणे नाही हो, अगदी समजूत घातल्यासारखं. तेच जास्त लागलं.

रोज घरी यायची ती "काका सेज" करतच. मी भाजी चिरत ऐकायची. पोरगी माझी, विषय माझा, आणि कौतुक कोणाचं, तर काकांचं! एकदा तर काकांसारखं चष्म्यावरून बघत तिने अख्खी लढाई सांगितली. नवरा हसला. मला काडीचंही हसू आलं नाही.

प्रेझेंटेशनच्या आधीच्या शनिवारी आमच्याकडे रंगीत तालीम ठरली. बाहेर बर्फ पडत होता. काका-काकू आले, नवऱ्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला, मी पोहे केले. शेवटच्या स्लाइडवर निष्कर्ष आला, रशियाच्या थंडीने जर्मनीला हरवलं. काकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या शहाण्या नवऱ्यानेही वाजवल्या.

मला राहवेना. "थंडी काय फक्त जर्मनांनाच वाजत होती का गं?"

सगळे वळून बघायला लागले. म्हटलं, आता तोंड उघडलंच आहे तर होऊन जाऊ दे. "रशियन सैनिक पण त्याच बर्फात उभे होते ना? जर्मनांना वाटलं, हिवाळ्याआधीच सगळं उरकेल. त्यात रशियातले रूळ जास्त रुंद, यांच्या गाड्या त्यावर चालेनात. रूळ बदलत बसावं लागलं. ज्या थोड्या गाड्या पुढे जायच्या, त्यांत आधी दारूगोळा आणि पेट्रोल. गरम कोट होते गं. मागे डेपोत पडून होते. वेळेवर पोचलेच नाहीत."

लेक माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, आता विचारेल, आई, तुला हे सगळं कसं माहीत?

तिने मान वळवली. "काका, इज दॅट राइट?"

काका ओशाळले बिचारे. "हो बेटा. आई बरोबर सांगतेय."

तेव्हा कुठे तिने ते टाइप केलं.

मी काकांना आणखी पोहे वाढले. लिंबू मात्र दिलं नाही.