तपासणीपुरतं सारेगम

बहिणीच्या लग्नात बँड ठरवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते साफ विसरलो, हे घरात अजून कुणाला ठाऊक नाही. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवरदेव मारुतीच्या पाराशी घोड्यावर चढला, तेव्हा मी नाशिकच्या भांडीबाजारात धावत होतो.

तिथल्या एका तांबटाकडे बँडवाले चेपलेली ट्रंपेटं दुरुस्तीला टाकत. पोचा काढला की हवा कुठून निसटते का ते बघायला तो गाल फुगवून सारेगम वाजवायचा. चढताना एकदा, उतरताना एकदा, बस्स.

"वरातीला चला," मी हात जोडले.

"चलतो की. पण भाऊ, मला तपासण्यापुरतंच येतं."

"तेवढंच वाजवा!"

आपल्या दोघा भावांच्या गळ्यात ढोल अडकवून, दुरुस्तीला आलेलं एक ट्रंपेट घेऊन तो छाती काढून पुढे निघाला. सूर चढले की मंडळी हात वर करून नाचत, उतरले की नाचत नाचत खाली बसत. घाम एकट्या मला फुटला होता.

अर्ध्या वाटेत मुलाच्या मामांनी अडवलं. "काय हो, दुसरं काही येत नाही का?"

त्याने शांतपणे तोंड पुसलं. "येतं ना, मामा. हे नाचणारे थांबले की लगेच लावतो."

मामांनी मागे पाहिलं. कुणीच थांबेना.

मांडवात पोचल्यावर मामांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नाची सुपारी त्यालाच दिली. त्याने ती ऐटीत खिशात टाकली, मला कोपऱ्यात ओढलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, बँडात माणसं किती लागतात?"