तवंदी घाटात अडकलेली झडप

मोटार तवंदी घाटाच्या दुसऱ्या वळणावर उभी होती. मागं काळा धूर, आत पेट्रोलचा उग्र वास. निरोप मिळताच निघालेला मी, मोटारीचा मिस्त्री, हत्यारांच्या पिशवीसह सायकल ढकलत पोचलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते आणि आप्पा घामानं भिजले होते. आप्पा निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. मुलगा वसंता लढाईवर गेल्यावर साठीत मोटार चालवायला शिकलेले.

"पेट्रोलच खराब मिळालंय रं," ते म्हणाले. "चालू हुतीया आन् बंद पडतीया. धाच्या आत बेळगाव ठेसन गाठाय पायजे."

मागं त्यांची सून, सुशीलावहिनी, मांडीवर दशम्यांचं गाठोडं घेऊन बसल्या होत्या. वसंता तीन वर्षांत घरी आला नव्हता. त्याची पलटण आता दुसऱ्या मुलखात चालली होती. आगगाडी बेळगावला वीस मिनिटं थांबणार, एवढाच निरोप आला होता.

मी प्लग काढले. चारही काजळीनं काळे आणि ओले. म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त, हवा कमी.

कार्बोरेटरमध्ये हवा आणि पेट्रोल मिसळतात. त्याच्या तोंडाशी एक झडप असते, तोच चोक. थंड इंजिन चालू करताना चालकासमोरचा खटका ओढायचा. झडप मिटते, हवा अडते, पेट्रोल जास्त ओढलं जातं. इंजिन तापलं की खटका आत ढकलायचा.

"आप्पा, चोक आत ढकललाय न्हवं?"

"व्हय की! ह्यो बघ, पार आत हाय."

खटका खरंच आत होता. मग मी हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू फिरवत बसलो. जरा इकडं, जरा तिकडं. धूर तसाच. दहा मिनिटं गेली.

वहिनी खिडकीतून हळूच म्हणाल्या, "एक सांगू? हे खटका आत ढकलायचे तवा इंजिनाचा आवाज हलका व्हायचा. आता ढकलला तरी जडच येतोय."

"तुमाला कसं कळलं?"

"दर ऐतवारी शेजारी बसत हुते की. हे लई बोलायचे न्हाईत. मग आवाजच ऐकत बसायची."

मी हवेची नळी काढून आत बोट घातलं. झडप मिटलेलीच!

खटका आणि झडप तारेनं जोडलेले असतात. झडपेकडचा तार पकडणारा स्क्रू सैल झाला होता. तारेचं टोक वाकडं, त्यामुळं ओढताना ती झडपेला धरायची. ढकलताना मात्र नुसतीच सरकायची.

खटका आत ठेवला, झडप हातानं पूर्ण उघडी धरली, तारेला किंचित ढील दिली आणि स्क्रू आवळला. वहिनींना पुढं बोलावून खटका तीनदा ओढायला, ढकलायला लावला. झडप तीनदा मिटली, तीनदा उघडली. प्लग पुसून बसवले आणि हँडल मारून इंजिन चालू केलं. काळा धूर थांबला.

"ह्योच त्यो आवाज," वहिनी म्हणाल्या.

आप्पांनी मलाही सोबत घेतलं. संकेश्वर, यमकनमर्डी, काकती, मोटार कुठंच बंद पडली नाही.

स्टेशनात शिरलो तेव्हा गार्डनं हिरवं निशाण काढलं होतं. वहिनी एकेक खिडकी बघत पळाल्या. अगदी पुढच्या डब्यात वसंता सापडला. त्यांनी गाठोडं आत दिलं, त्यानं त्यांचा हात धरला. तो काहीतरी सांगत होता, तेवढ्यात शिट्टी झाली. आगगाडी हलली. चार पावलं त्या बरोबर चालल्या, मग हात सुटला.

"काय म्हणाला गं?" आप्पांनी विचारलं.

"ऐकू न्हाय आलं, मामंजी."

रूळ रिकामे झाल्यावरही त्या बराच वेळ तिथंच उभ्या होत्या.

वसंता दीड वर्षानं सुखरूप परत आला. मोटार घेऊन माझ्याकडं आला तेव्हा हसत सांगत होता, "त्या दिवशी काय म्हणालो ते ही रोज विचारते. मला आठवतच न्हाय."

घाटातल्या त्या दिवसापासून चोक आत आहे असं गिऱ्हाइकानं सांगितलं, तरी मी आधी बॉनेट उघडून झडप डोळ्यांनी बघतो. मिक्श्चर स्क्रूला हात सगळ्यात शेवटी. त्या सकाळी स्क्रू फिरवण्यात घालवलेली दहा मिनिटं माझी नव्हती, त्या दोघांची होती.